पहिलीच्या आधीचं स्क्रीनिंग: शिकण्यातली अडचण अंगणवाडीतच कशी हेरावी

पाच वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडणं) आहे असं कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. वाचायला अजून शिकवलेलंच नसतं, तर ते अडलंय हे कशावरून ठरवणार? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण; डिस्लेक्सिया त्यातलाच) समावेश आहे, पण तिची रीतसर तपासणी आणि प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांनंतर, म्हणजे तिसरीच्या सुमारास होतं. तोवर थांबायचं म्हटलं तर पहिली-दुसरीची दोन वर्षं हातातून जातात आणि मूल 'मठ्ठ' म्हणून गावभर होतं.

म्हणून चार ते सहा या वयात आजाराचं नाव शोधू नका. वाचन आणि गणित ज्यावर उभं राहतं ते पाया भरणारं काम झालंय का, एवढंच बघा. आवाज ओळखणं, ऐकलेलं डोक्यात धरणं, वस्तूचं नाव पटकन आठवणं, मोजणं, हातावर ताबा. पुढची पद्धत सांगली जिल्ह्यातल्या अंगणवाडी ताई आणि बालवाडीच्या शिक्षिकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. साडेचार वर्षांच्या आतल्या मुलांना ही घेऊ नका. त्या वयात मुलामुलांत फरक इतका असतो की निष्कर्ष निघत नाही.

आधी कान आणि डोळे

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेल्या मुलाला आवाज दबून ऐकू येतात. ते 'पाणी' आणि 'राणी' यातला फरक सांगू शकत नाही आणि आपण त्याला कच्चं ठरवतो. कान वाहतो का, सारखं 'आँ?' करतं का, टीव्ही मोठ्याने लावतं का, हे घरी विचारा. मूल खेळात असताना पाठीमागून, हळू आवाजात नाव घेऊन बघा. डोळे बारीक करून बघणं, मान वाकडी करणं, डोळा तिरळा होणं या खुणा असतील तर चित्रांच्या चाचण्या बाजूला ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. वाढीतला विलंब, ऐकू येणं, दिसणं आणि शिकण्यातली अडचण हे सगळं त्यांच्या यादीत आहे. पथक येण्याआधी अशा मुलांची नावं लिहून ठेवा. वजन-उंचीच्या गडबडीत ती राहून जातात.

आईशी दहा मिनिटं

आईला एकटीला गाठा. सासू शेजारी असेल तर 'सगळं बरं हाय' एवढंच उत्तर मिळतं. चार गोष्टी विचारा: दोन शब्द जोडून कधी बोलायला लागलं (दोन वर्षांपर्यंत यायला हवं), दिवस भरायच्या आधी जन्म किंवा पेटीत ठेवलं होतं का, घरात कोणती भाषा बोलतात, आणि आईवडील, मामा, काका, भावंडं यांपैकी कुणाला लिहिण्या-वाचण्याचा त्रास होता का. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. 'कुणाला आजार होता का' असं विचारलंत तर नाहीच म्हणतील. 'शाळेत कुणाचं डोकं चालायचं नाही, कुणी वाचता येईना म्हणून शाळा सोडली का' असं विचारा.

तयारी

लागतं फार थोडं: बाटल्यांची 10 झाकणं, जाड खडू, कोरे कागद, मोबाईलचं घड्याळ आणि एक चित्रांचा तक्ता. तक्त्यावर पाचच ओळखीच्या वस्तू घ्या: मासा, गाडी, टोपी, केळी, पेरू. त्याच उलटसुलट क्रमाने चार ओळींत लावा, म्हणजे 20 चित्रं होतात.

वेळ सकाळची, खाऊ झाल्यावर. भुकेलं किंवा झोपाळलेलं मूल काहीच दाखवत नाही. एका बैठकीला 15 मिनिटं पुरे, उरलेलं दुसऱ्या दिवशी. मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा, आणि उत्तरं मदतनीस ताईंना लिहू द्या. प्रत्येक खेळाआधी दोन उदाहरणं तुम्ही करून दाखवा. खेळ कळलाच नसेल तर शून्य मार्कांना अर्थ नाही. आजारपणातून नुकतं उठलेलं किंवा अर्धेअधिक दिवस गैरहजर असलेलं मूल महिनाभर पुढे ढकला.

आवाजांचे खेळ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वाचन पुढे अडेल का, याचा अंदाज या वयात आवाजांच्या खेळांतून फार चांगला येतो.

पहिला खेळ, वेगळा शब्द ओळखा: 'पाणी, राणी, टोपी', 'गाडी, पेरू, साडी', 'वाटी, शाळा, माळा'. असे पाच. वेगळा शब्द दर वेळी शेवटी ठेवू नका, जागा बदला. मुलं शेवटचा शब्द सहज उचलतात आणि आपल्याला वाटतं आलं.

दुसरा, टाळ्या वाजवून शब्द फोडणं. इथे मराठीची एक गंमत आहे, आणि बाजारातल्या बहुतेक इंग्रजीवरून उचललेल्या चाचण्या तिथेच फसतात. 'घर' लिहिताना अक्षरं दोन, पण बोलताना झटका एकच. 'चिमणी' लिहायला तीन, तोंडातून निघते 'चिम्-णी'. अक्षरं न शिकलेलं मूल 'घर'ला एक टाळी वाजवतं आणि ते बरोबरच असतं. म्हणून प्रत्येक अक्षराचा स्वर स्पष्ट ऐकू येतो असेच शब्द घ्या: टोपी, पाटी, बटाटा, आजोबा, बाहुली.

तिसरा, पहिलं अक्षर: 'मासा'मध्ये आधी काय येतं? 'मा' आलं की पुरे. 'म्' वेगळा काढून मागू नका. देवनागरीत मूल आधी अख्ख्या अक्षराने शिकतं, सुटे व्यंजन त्याला बरंच पुढे कळतं. साडेपाचच्या पुढच्या मुलांना एक कठीण घाला: 'बटाटा'मधलं 'ब' काढलं तर काय उरलं?

नाव आठवणं आणि ऐकलेलं धरणं

तक्ता समोर ठेवा. आधी पाचही नावं येतात याची खात्री करा, मग 'पटापटा सांग' म्हणून घड्याळ लावा. किती सेकंद लागले आणि किती चुका झाल्या ते लिहा. ठरावीक सेकंदांची रेघ आम्ही देत नाही. तुमच्याच वर्गातल्या त्याच वयाच्या मुलांशी तुलना करा. सगळी नावं येऊनही दर चित्रापाशी थांबणारं, 'हे... ते...' करणारं मूल टिपून ठेवा. अशा मुलांचं वाचन पुढे अडखळत होण्याची शक्यता जास्त.

मग अर्थ नसलेले शब्द म्हणायला लावा: पोमी, तिगोला, बेनाकूटी, मालेतिगोपू. एकदाच म्हणा, ओठ झाकू नका. दोन-तीन अक्षरी येतात आणि चार-पाच अक्षरी पार विस्कटतात, तर खूण करा. शेवटी एक वाक्य: 'आजीने टोपलीतली वांगी काढून सुपात ठेवली.' 'आजीनं', 'ठिवली' चालेल. 'आजी वांगी सुपात' एवढंच आलं तर टिपा.

मोजणं

एक ते वीस घडाघडा म्हणणं म्हणजे मोजणं नव्हे, ते पाठांतर. दहा झाकणं ओळीने मांडा आणि बोट ठेवून मोजायला सांगा. एका झाकणाला एक अंक जातो का बघा. मोजून झाल्यावर विचारा, 'एकूण किती?' परत पहिल्यापासून मोजायला लागलं, तर शेवटचा अंक म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून कळलेलं नाही. मग 'मला सहा दे'. पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल मूठभर उचलून देत असेल तर नोंद घ्या. दोन-तीन झाकणं हाताखालून क्षणभर दाखवून 'किती होती?' हेही बघा.

हात

गोल साधारण तीन वर्षांत, अधिकची खूण चारला, चौकोन साडेचारला, त्रिकोण पाचला जमतो. चार-सहा महिने इकडेतिकडे चालतं. डावखुरेपणा हा दोष नाही, हात बदलायला लावू नका. अक्षरं-अंक उलटे काढणं या वयात सर्रास असतं आणि त्यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही. पालक नेमके यालाच घाबरतात.

भाषा वेगळी, अडचण नव्हे

जत तालुक्याच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून टोळ्यांबरोबर आलेली मुलं असतात, त्यांची हजेरी तुटक आणि बोली निराळी. 'पानी', 'व्हतं', 'न्हाई' यांना चूक धरू नका, ती त्या घरची मराठी आहे. कन्नड मुलाला कन्नड येणाऱ्या ताईकडून खेळ घ्या आणि शब्दही कन्नडचेच निवडा, मराठीचं भाषांतर करून यमक जुळत नाही. दोन भाषांमुळे अध्ययन अक्षमता येत नाही. मात्र घरच्या भाषेतही मूल अडत असेल तर तो खरा इशारा.

निकाल कसा लावायचा

सगळ्या मार्कांची बेरीज करू नका. आवाज, नाव आठवणं, ऐकलेलं धरणं, मोजणं, हात असे पाच रकाने करा. पाच प्रश्नांच्या खेळात पाच वर्षांपुढच्या मुलाला दोन किंवा कमी आले तर त्या रकान्यात फुली. ही कामचलाऊ रेघ आहे, प्रमाणित चाचणीची नव्हे. तुलना सहा महिन्यांच्या टप्प्यातल्या मुलांशीच करा. साडेचारचं आणि पावणेसहाचं मूल एका ओळीत बसवलं की लहान मूल कायम मागे दिसणार.

एका रकान्यात फुली असेल तर फक्त लक्ष ठेवा. दोन किंवा जास्त, किंवा आवाजांत एक आणि घरात कुणाला वाचनाचा त्रास, अशा मुलांचा तीन-चार जणांचा गट करा आणि रोज 15 मिनिटं हेच खेळ घ्या, 10 ते 12 आठवडे. यमक, टाळ्या, गोष्ट ऐकून परत सांगणं, झाकणं मोजून देणं. मग वेगळे शब्द घेऊन पुन्हा तपासा. खरी माहिती या दुसऱ्या फेरीत मिळते. पहिल्या फेरीत फुली आलेली बरीच मुलं सरावाने सुटतात, त्यांना संधीच मिळालेली नसते. शिकवूनही जे जागचं हलत नाही, ते मूल पुढे पाठवायचं.

काहींसाठी मात्र ही वाट बघायचीच नाही: चार वर्षांचं होऊनही वाक्य बोलत नाही किंवा परक्या माणसाला बोलणं कळत नाही, आधी येणारं बोलणं बंद झालं, हाकेला ओ देत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, झटके येतात. अशांना लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बाल स्वास्थ्य पथकाकडे न्या. तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभागात जाता येतं. बोटांच्या ठशांवरून मेंदू सांगणाऱ्या चाचणीवर पैसे घालवू नका, तिला शास्त्रीय आधार नाही. बुद्धीच्या टॉनिकचंही तेच.

पालकांशी बोलताना 'डिस्लेक्सिया', 'मंद' हे शब्द तोंडातून काढू नका. 'आवाजांच्या खेळात थोडा जास्त सराव लागेल, तीन महिन्यांनी परत बघू' एवढंच सांगा आणि घरी करायचा एक खेळ द्या. भाकरी थापताना आईने सहज घ्यावा असा यमकाचा खेळ पुरतो. दोन्ही फेऱ्यांचा कागद फाईलला लावून ठेवू नका. आईची परवानगी घेऊन त्याची प्रत जूनमध्ये पहिलीच्या बाईंच्या हातात द्या. वर फक्त दोन ओळी लिहा, कोणता खेळ जमतो आणि कोणता अडतो. बाकी रकाने बाईंना वाचता येतील.