पाच तारांचा बेस पुन्हा हातात घेताय? या चुका टाळा

माझ्याकडे सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक आणि सूर नीट लावून घ्यायला, बेस गिटार घेऊन येणाऱ्यांत हल्ली एकाच प्रकारची माणसं जास्त दिसतात. वय चाळीस ते पंचावन्न. कधीकाळी कॉलेजच्या ग्रुपमध्ये नाहीतर ऑर्केस्ट्रात चार तारांचा बेस वाजवलेला. मग नोकरी लागली, बदल्या झाल्या, तिकडे कीबोर्डवालाच डाव्या हातानं बेस वाजवायला लागला आणि स्टेजवरची बेसवाल्याची जागा गेली. आता घराचे हप्ते फिटलेत, मुलं पुण्याला शिकायला गेलीत, हात शिवशिवायला लागलेत. "या वेळी पाच तारांचाच घेणार" असं ठरवून ही माणसं निघतात. अडचण एवढीच की माझ्याकडे येतात तेव्हा बेस घेऊन झालेला असतो. मग त्याच त्या चुका निस्तरत बसावं लागतं.

म्हणून पैसे देण्याआधी हे वाचा.

गरज आहे का, हे न बघताच पाचवी तार घेणं

चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे ई, आपल्या पेटीवरची पांढरी तीन. तुमचा गायक पांढरी तीन किंवा त्याच्या वरच्या पट्टीत गात असेल तर खालचा सा तुम्हाला चार तारांवरच मिळतो. पण आपल्याकडचे बरेचसे पुरुष गायक काळी एक, काळी दोनला बसतात. तिथे चार तारांवर खालचा सा नाही, वरच्या सप्तकातल्या सा वर भागवावं लागतं. पाच तारांवर ई च्या खालची बी तार जास्तीची मिळते, तिच्या पहिल्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पांढरी एक, दुसऱ्याला काळी एक, तिसऱ्याला पांढरी दोन, चौथ्याला काळी दोन. पाचव्या तारेचं खरं काम हे चार फ्रेट. भीमगीतं, कव्वाली, भक्तिगीतं वाजवणाऱ्याला त्यांचा उपयोग रोज होतो. घरी बसून जुनी हिंदी गाणी मूळ पट्टीत वाजवायची असतील तर आधी त्या गाण्यांच्या पट्ट्या काढा. निम्म्याहून जास्त गाणी चार तारांत बसली तर चार तारांचाच चांगला बेस घ्या. त्याच पैशात चार तारांचं वाद्य बहुतेकदा वरच्या दर्जाचं मिळतं.

पाचव्या तारेसाठी बेस घ्यायचा आणि तपासायच्या उरलेल्या चार

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. दुकानात माणूस बेस गळ्यात घालतो, कॉलेजातली ठरलेली एक-दोन वाक्यं वाजवतो, तीही जी आणि डी तारेवर, थोडं स्लॅप करतो (अंगठ्यानं तारेवर ठोकून वाजवतो), आणि शेवटी बी तार एकदा मोकळी छेडून "हां, बढिया" म्हणतो. बारीक तारा तर कुठल्याही स्वस्त बेसवर बऱ्या वाजतात. पैसे ज्या तारेचे मोजताय तिला निदान पंधरा मिनिटं द्या.

मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, बी तार सुमारे ३१ वेळा. लांबी तेवढीच ठेवून इतकं खाली जायचं म्हणजे तार जाड हवी. ई साधारण ०.१०५ इंचाची असते, बी ०.१२५ किंवा ०.१३० ची. जाड तार ढिली असते, तिचा झोका मोठा असतो, आणि नेक (दांडा), नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), ब्रिज (तारा अडकवतात तो खालचा भाग) यांतला बारीकसा दोषही तिच्यावर लगेच उघडा पडतो. म्हणून काही कंपन्या तारेची लांबी ३४ इंचांऐवजी ३५ करतात, ताण वाढतो. पण आपल्या बजेटमधले नेहमीचे बेस, यामाहाचे टीआरबीएक्स ३०५ आणि बीबी २३५, आयबानेझचे जीएसआर २०५ आणि एसआर ३०५ई, स्क्वायरचा ॲफिनिटी जॅझ पाच तारांचा, हे सगळे ३४ इंचीच आहेत. आणि त्यात काही बिघडत नाही. ३५ इंची शोधत वर्ष घालवण्यापेक्षा ३४ इंची बेसवर ०.१३० ची चांगली तार आणि नीट सेटअप, हे माझं नेहमीचं उत्तर. ३५ इंचीवर पहिल्या फ्रेटपाशी बोटं जास्त ताणावी लागतात. वीस वर्षं बेस न धरलेल्या हाताला ते लवकर जाणवतं.

तपासताना टोनचे सगळे नॉब मध्यावर ठेवा. जीएसआर २०५ ला खर्ज वाढवणारा एक नॉब असतो, तो पूर्ण बंद करा. मग बी तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ई, हे एकाच उंचीचे दोन सूर आलटून पालटून वाजवा. आवाजाचा पोत थोडा वेगळा येणारच. पण बी वरचा सूर एकदम पोकळ, पुसट किंवा हलता वाटला तर थांबा. एक सूर धरून ठेवा आणि तो विरेपर्यंत ऐका. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघा. क्लिपवाला ट्यूनर मोकळी बी कधीकधी पकडत नाही. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवला की पकडतो.

इथे परभणीकडच्या एका शाळामास्तरांची गोष्ट सांगतो. तरुणपणी त्यांनी ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं बेस वाजवला होता. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात पुन्हा उभं राहायचं म्हणून मार्चअखेर पाच तारांचा नवा बेस ऑनलाइन मागवला. तालमीत गायकानं काळी एक सांगितली. सरांनी बी तारेचा दुसरा फ्रेट धरला आणि आवाज असा आला की साउंडवाला म्हणाला, बेस बंदच ठेवा. सर कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी माझ्याकडे आले. "दादा, पाचवी तार वाजंना. नुसती फडफड करायली. इकून टाकतो अर्ध्या किमतीत." चेहरा असा उतरलेला की बघवेना.

वाद्यात खोट नव्हती. बी कडची पिकअपची (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीची) बाजू इतकी वर चढवलेली होती की शेवटचा फ्रेट दाबल्यावर तार आणि पिकअप यांच्यात नखसुद्धा जाईना. चुंबक जवळ आलं की जाड तारेला ओढतं, सूर डुलायला लागतो, ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नाही. पिकअप खाली घेऊन अंतर तीन मिलिमीटरच्या आसपास आणलं आणि डुलणं तिथेच थांबलं. दुसरं, तार ब्रिजच्या सॅडलवरून (तार टेकते त्या तुकड्यावरून) कमानीसारखी वळून पुढे येत होती, नीट बसलेलीच नव्हती. सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे अंगठ्यानं हलकेच दाबली की ती बसते, दोन मिनिटांचं काम आहे. तिसरं म्हणजे उन्हाळा. कोरड्या हवेनं नेक जवळपास सपाट झाला होता, त्यात ॲक्शनही, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली उतरवलेली, म्हणून जाड तारेला झोका घ्यायला जागाच नव्हती आणि ती फ्रेटवर आपटत होती. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा सैल केला, थोडा वेळ थांबून पुन्हा पाहिलं, ब्रिजवर बी थोडी उचलली. सरांनी काळी एकचा सा धरला आणि समोरच्या खुर्चीचा पत्रा थरथरला. तो बेस अजून त्यांच्याकडेच आहे.

हे सांगायचं कारण असं की "बेसच खराब निघाला" म्हणत विकायला काढलेल्या बेसांपैकी पुष्कळांचा सेटअपच कधी झालेला नसतो. खोक्यातून निघालेलं वाद्य तयार असतं हा समज काढून टाका. माझा हिशेब साधा आहे. तीस हजार खर्चायचे असतील तर बेस चोवीस-पंचवीसचा बघायचा, उरलेल्यात नव्या तारा, सेटअप, रुंद पट्टा आणि एक चांगली केबल. पूर्ण तीस वाद्यात घालून वर मूळच्या मरगळलेल्या तारांवर वर्ष काढणारे लोक बघितले की जीव तुटतो.

नेकचा बाक बघायला मोजपट्टी लागत नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी किती फट दिसते ते बघा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही. व्हिडिओ बघून एका बैठकीत पूर्ण फेरा मारणाऱ्यांनी आणलेले नेक मी पाहिलेत. सगळे दुरुस्त होत नाहीत.

जुना हात नव्या वाद्यावर तसाच ठेवणं

तुमच्या हाताला वरून पहिली तार म्हणजे ई हे पक्कं ठाऊक आहे. आता तिथे बी आहे. पहिले काही दिवस ए वाजवायला जाल आणि ई लागेल. त्याची काळजी नको, ते आपोआप सुटतं. खरा त्रास बी तारेच्या गुंजण्याचा आहे. तुम्ही जी तारेवर वाजवत असता आणि बी आपली घुमत राहते. घरी छोट्या अँपवर ते ऐकूच येत नाही, कारण लहान स्पीकर इतका खालचा सूर नीट काढत नाहीत. मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर मात्र सगळ्या गाण्याचा चिखल होतो आणि कुणाला कळत नाही कशानं.

उपाय अंगठ्यात आहे. पूर्वी अंगठा पिकअपवर टेकवून ठेवायचात, तो आता फिरता ठेवा. ई आणि ए वाजवताना तो बी वर टेकलेला. डी आणि जी वर गेलात की अंगठा ई वर सरकवायचा आणि त्याची कड बी ला लावून ठेवायची. मी पुन्हा सुरू करणाऱ्याला आधी बी वाजवूच देत नाही, ती गप्प ठेवायला लावतो. एक साधं गाणं, चार तारांवर, बी चा आवाज अजिबात येता कामा नये. ते जमलं की मग काळी दोनमध्ये खालचा सा धरायचा. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. पहिल्याच दिवशी रील बघून स्लॅप करायचं असतं. करा, पण महिन्यानं तुमचा बेस गढूळ का वाजतो हे विचारायला याल तेव्हा उत्तर हेच असेल.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे तारांतलं अंतर. जुन्या जॅझ बेसवर (फेंडरचं चार तारांचं मॉडेल) ब्रिजपाशी दोन तारांत सुमारे १९ मिलिमीटर असायचे आणि नटपाशी नेक ३८ चा. पाच तारांत नेक नटपाशी ४३ ते ४७ होतो. एसआर ३०५ई वर ब्रिजपाशी अंतर १६.५ आहे. लहान हाताला ते सोयीचं पडतं, पण स्लॅपवाल्याचा अंगठा अडकतो. बसून नाही, उभं राहून, पट्टा लावून, निदान एक अख्खं गाणं वाजवून बघा. हात सोडल्यावर नेक खाली झुकत असेल तर तो बेस दोन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा धरणार.

हवामान विसरणं

आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश, हवा खडखडीत कोरडी. लाकूड आडवं आकसतं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येतात, हाताला करवतीसारखी लागतात. ती उन्हाळ्यातच घासून घ्यावीत, म्हणजे वर्षभर त्रास नाही. पावसाळ्यात नेक उलट पुढे वाकतो, ॲक्शन वर जाते. म्हणून एप्रिलमध्ये एकदा आणि जुलैअखेर एकदा ट्रस रॉड तपासायचा. पत्र्याच्या खोलीत भिंतीला बेस टांगू नका. कूलरच्या झोतात तर मुळीच नको. दिवसा भाजून काढायचं आणि रात्री ओल्या हवेत ठेवायचं, हे कुठलाच नेक सहन करत नाही. कव्हरमध्ये, आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत जेवण होईपर्यंतसुद्धा नाही.

आणखी काही, थोडक्यात

गिटारच्या अँपवर जोरात बेस वाजवू नका, स्पीकर फाटतो. बेसचा नाहीतर कीबोर्डचा अँप घ्या, घरी हेडफोन.

ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खुपसली की ती चालू होते. वाजवून झालं की केबल काढा.

चार तारांच्या बेसवर जाड तारा चढवून बी-ई-ए-डी लावता येतं, पण नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात. गाणी ठरलेली असतील आणि जी तार लागत नसेल तर हा मार्ग वाईट नाही.

कमी लांबीचा, ३० इंची बेस हलका पडतो, पण पाचव्या तारेसाठी नको.

आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानात पेट्या, तबले, साध्या गिटारी दिसतात. पाच तारांचा बेस समोर क्वचितच मिळतो, म्हणून लोक फोटो बघून मागवतात. जमत असेल तर देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघा, मुंबईत दिवसभर दोन-तीन बेस हातात घेऊन बघा, रात्रीच्या गाडीनं परत या. मागवायचाच असेल तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि बेस आला त्याच दिवशी बी तार वर सांगितल्याप्रमाणे तपासा, मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी नाही.

जुना घेत असाल तर ट्यूनर, पाना आणि नवी ९ व्होल्टची बॅटरी सोबत न्या. बॅटरीचा कप्पा उघडून गंज बघा, नॉब फिरवून खरखर ऐका, ब्रिजच्या बाजूनं नेकवर नजर टाकून तो पिळलेला नाही ना बघा. मालकाला विचारून ट्रस रॉड किंचित हलवून पाहा. हलत नसेल किंवा मालक हात लावू देत नसेल तर तो बेस कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवा.