गूगलवर साइट दिसेना: माझा अनुभव

रावेरला आमचा केळी वेफर्सचा धंदा. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट केली, पण दोन महिने झाले तरी गूगलवर नाव टाकूनसुद्धा सापडेना. मी आपला मजकूर वाढवतोय! जळगावला साइटवाल्यांची बैठक भरते, तिथं रडगाणं गायलं. एका पोरानं पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून 'नोइंडेक्स' (हे पान यादीत घेऊ नका, ही सर्च इंजिनांना सूचना) शोधलं. सापडलं की! सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना मनाई करणारी चौकट साइट बनवताना टिक केलेली, काढायची राहून गेलेली. टिक काढली, कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) साफ केली, गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात साइटचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे यादीत घेण्याची, विनंती केली. पाचव्या दिवशी साइट दिसली. मग फोटोही वेबपी या कमी जागेच्या फॉरमॅटमध्ये केले. ४ एमबीचा केळीचा घड मोबाइलवर उतरता उतरत नव्हता. पुढच्या बैठकीला शेवभाजी माझ्याकडून.