गांजाबाबत नेत्याची भूमिका खरोखर बदलली आहे का, हे कसे तपासावे

अमेरिकेतील एखादा नेता गांजा कायदेशीर करण्यास पूर्वी विरोध करत होता आणि आता पाठिंबा देतो, एवढ्यावरून त्याला संधिसाधू किंवा सुधारक ठरवू नये. तो नेमका कशाला होकार देतो आहे, हे आधी पाहावे. औषध म्हणून वापराची परवानगी देणे, थोडा गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार न मानणे, प्रौढांसाठी दुकानांतून विक्री सुरू करणे आणि १९७० च्या केंद्रीय कायद्यातील सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीतून गांजा हलवणे, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडेही १९८५ च्या कायद्याने गांजा निषिद्ध आहे, पण भांगेची नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत; तेव्हा असा तपशील किती महत्त्वाचा असतो हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

त्यानंतर तारखांची नोंद करावी आणि भाषणांपेक्षा मतदान, विधेयके व स्वाक्षऱ्या यांना अधिक वजन द्यावे. कमला हॅरिस यांनी २०१० मध्ये कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर करण्यासाठी मतदारांपुढे ठेवलेल्या ‘प्रपोझिशन १९’ या प्रस्तावाला विरोध केला, २०१८ मध्ये सिनेटर कोरी बुकर यांच्या गांजाविषयक विधेयकाला सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला आणि २०१९ मध्ये स्वतः सिनेटमध्ये विधेयक मांडले. विधेयकांच्या अशा नोंदी अमेरिकी संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, अधिकृत संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

या तारखांशेजारी लोकमताचा आलेख ठेवावा. गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत कायदेशीरीकरणाला १९६९ मध्ये १२ टक्के, २०१३ मध्ये ५८ टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के पाठिंबा होता. बहुमत झाल्यानंतर मत बदलणारा नेता ‘वारा येईल तशी पाठ’ देत असेल, अशी शंका रास्त आहे. पण लोकशाहीत मतदारांचे ऐकणे हा दोष नव्हे, म्हणून केवळ तारखेवरून निकाल देऊ नये. बदलाचे कारण काय सांगितले जाते आणि ते पुराव्याला धरून आहे का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोलोराडोचे तत्कालीन गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी राज्यात गांजा कायदेशीर करणाऱ्या २०१२ च्या ‘दुरुस्ती ६४’ला विरोध केला होता. मतदारांनी ती मंजूर केली, २०१४ पासून दुकाने सुरू झाली आणि काही वर्षांचा अनुभव पाहून आपल्याला वाटलेली भीती बरीचशी खरी ठरली नाही, असे त्यांनी मान्य केले. या कबुलीला मी सर्वांत जास्त गुण देईन.

पैशाचा संबंधही तपासावा. प्रतिनिधीगृहाचे सभापती असताना २०११ मध्ये जॉन बेनर यांनी आपला विरोध कधीही बदलणार नाही असे लेखी कळवले होते. २०१८ मध्ये, पद सोडल्यानंतर, ते गांजाच्या व्यवसायातील ‘एकरेज होल्डिंग्ज’ या कंपनीच्या सल्लागार मंडळावर गेले.

शेवटी, जुन्या कायद्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी त्या नेत्याने काय केले, हे विचारावे. ही कसोटी सर्वांत कठीण आहे आणि ती टाळली जाऊ नये. सिनेटर असताना जो बायडन यांनी अमली पदार्थ व गुन्हेगारीविरोधी १९८६ आणि १९९४ चे कठोर कायदे घडवण्यात मोठा वाटा उचलला होता. अध्यक्ष म्हणून ६ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांनी केवळ गांजा बाळगल्याच्या केंद्रीय गुन्ह्यांसाठी माफी जाहीर केली. मात्र गांजाची विक्री केल्याबद्दल शिक्षा झालेले लोक तिच्या कक्षेत नव्हते, राज्यांच्या न्यायालयांतील शिक्षाही नव्हत्या, आणि ती नागरिक व ग्रीन कार्डधारक यांच्यापुरतीच होती. नोकरीच्या व्हिसावर तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला तिचा उपयोग नव्हता. राज्याने परवानगी दिलेली असली तरी केंद्रीय कायद्यानुसार गांजा त्याचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड अडचणीत आणू शकतो. म्हणून नेत्याच्या नव्या भूमिकेची नोंद करताना तिच्यातून कोण वगळले गेले, तेही त्याच पानावर लिहून ठेवावे.