जुनं वेब्ली कोणत्या सालचं? या चुका टाळा

वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्व्हरवर ‘मार्क फोर’ (म्हणजे चौथं मॉडेल) एवढं वाचलं की लोक थेट बोअर युद्धावर पोचतात. या चुकीने मला सगळ्यांत जास्त छळलंय, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

वेब्लीने ‘मार्क फोर’ हे नाव दोन अगदी वेगळ्या रिव्हॉल्व्हरांना दिलं. पहिलं .455 कॅलिबरचं (म्हणजे नळीच्या छिद्राचं इंचातलं माप), 1899 चं. दक्षिण आफ्रिकेतलं युद्ध त्याच सुमारास पेटलं म्हणून त्याला ‘बोअर वॉर मॉडेल’ म्हणतात. दुसरं .38 चं, पहिल्या महायुद्धानंतर आलेलं. दुसऱ्या महायुद्धात एन्फील्डचा ब्रिटिश सरकारी शस्त्रकारखाना पुरा पडेना, तेव्हा ब्रिटिश सैन्याने ते मोठ्या संख्येने घेतलं. त्याचंच .32 मधलं भावंड आपल्याकडे परवान्यावर विकलं गेलं आणि कानपूरला बनणारं सरकारी .32 रिव्हॉल्व्हरही त्याच घडणीवर बेतलेलं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका घराण्याने कुळाचा इतिहास छापायला काढला होता. त्यात रिव्हॉल्व्हरचा पानभर फोटो आणि खाली ओळ: ‘पणजोबांनी बोअर युद्धात वापरलेले’. पितळी पाटी खोदून पेटीवर ठोकूनही झाली होती. घरातला एक उत्साही पुतण्या मला फोनवर सांगत होता, “काका, हे दुर्मीळ आहे. फक्त दोनशेच बनले, त्यातलं आमचं एकशेपंचेचाळिसावं.” त्याला फक्त माझा होकार हवा होता, तोही फोनवरच. मी फोनवर साल सांगत नाही. फोटो मागवले. नळीवर ‘.38 145/200’ असा ठसा होता. हे आकडे गोळीच्या वजनाचे आहेत, ग्रेन या छोट्या मापात. 145 ग्रेनची गोळी किंवा 200 ग्रेनची. फ्रेमवर ‘वॉर फिनिश’ असंही स्पष्ट कोरलेलं होतं. म्हणजे 1939 नंतर युद्धाच्या घाईत पॉलिशला फाटा देऊन बाहेर काढलेला माल. पणजोबा तोवर हयातही नव्हते.

मी परवान्याचं जुनं पुस्तक शोधायला लावलं. ट्रंकेच्या तळाशी ते सापडलं आणि त्यात आजोबांचं नाव, नंबर, खरेदीची नोंद, सगळं होतं. युद्ध संपल्यानंतरची खरेदी. कागद घरातच असताना कोणी उघडून पाहिला नव्हता. पुस्तक छापखान्यात जायच्या आत ओळ बदलली, पाटी उतरवली. आजोबांचं रिव्हॉल्व्हर हेही सन्मानाने छापण्यासारखंच होतं.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी कॅलिबर, मग मुठीचा आकार, मग नाव. .455 ची मार्क एक ते पाच ही सगळी पक्ष्याच्या डोक्यासारख्या गोल मुठीची. चौकोनी मूठ आणि सहा इंची नळी 1915 च्या मार्क सहाबरोबर आली. मार्क एक 1887 चं, मार्क दोन 1895 चं, मार्क तीन 1897 चं. मार्क पाच 1913 चं, आणि त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं, जाड आहे, कारण तोवर काळी दारू जाऊन धूरविरहित दारू आली होती. ही सालं मॉडेल मंजूर झाल्याची आहेत. तुमच्या हातातला नग त्यानंतर कधीही बनलेला असू शकतो. मार्क सहाचं एक बरं आहे, फ्रेमवर बहुधा सालच छापलेलं असतं.

दुसरी चूक तितकीच चिवट आहे: एका सुट्या भागावरून सगळ्या रिव्हॉल्व्हरचं साल ठरवणं. लष्करी हत्यार आयुष्यभर दुरुस्तीला जात राहतं. मार्क एकवर पुढच्या मॉडेलचे भाग चढवले की नावापुढे तारा ठोकायचे. पहिल्या महायुद्धात जुन्या फ्रेमवर सहा इंची नळ्याही बसल्या. लांब नळी दिसली म्हणजे मार्क सहा, असं म्हणणाऱ्यांनी जरा मूठही बघावी.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण त्याच एन्फील्ड कारखान्याचं ‘नंबर दोन’ रिव्हॉल्व्हर. हे 1932 चं मॉडेल, घोड्याला (काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या भागाला) अंगठ्याने ओढायची शेपूट असलेलं. 1938 च्या मार्क एक-तारा मॉडेलमध्ये ती शेपूट कापली. रणगाड्याच्या अरुंद जागेत घोडा कुठे अडकू नये म्हणून, असं कारण सांगितलं जातं. त्यानंतर जुनी रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला आली की त्यांचेही घोडे बदलले गेले. त्यामुळे फ्रेमवर 1935 आणि घोडा बिनशेपटीचा, यात खोटं काहीच नाही. फ्रेम 1935 ची, घोडा नंतरचा. 1942 च्या दोन तारेवाल्या मॉडेलमधून तर घाईपायी घोड्याचा सुरक्षा-अडसरच काढून टाकला होता, आणि युद्धानंतर तो परत बसवावा लागला. मूळ रूपात राहिलेलं एन्फील्डचं मार्क एक म्हणूनच कमी दिसतं. फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांवरचे नंबर एकमेकांशी जुळवल्याशिवाय मी ‘अस्सल’ हा शब्द काढत नाही. आणि एकाच फोटोवर साल विचारणाऱ्याला उत्तर देत नाही. दोन्ही बाजू, मूठ, सिलिंडरची मागची बाजू, तिरप्या उजेडात. एवढं न करणाऱ्याला खरं साल नकोच असतं, किंमत हवी असते. 1980 च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून जुन्या वेब्लीला भाव आला, आणि तेव्हापासून ही घाई वाढलीय.

बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा (तिथे हत्यार दाब सहन करतं का ते तपासतात) ठसा म्हणजे जन्मतारीख नाही. तो चाचणी झाल्याचा ठसा आहे. मुकुटाखाली ‘बीएनपी’ ही अक्षरं 1954 पासूनची, आणि ती 1942 च्या रिव्हॉल्व्हरवर दिसतात, कारण सैन्यातून निघालेला माल विकण्याआधी चाचणी झाली.

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरचं नाव कारखानदाराचंच असेल असं समजू नका. ‘आर्मी अँड नेव्ही’ हे दुकान होतं, त्याची इमारत मुंबईत काळा घोड्याला आजही उभी आहे. कलकत्त्याची रॉडा कंपनीही विक्रेतीच. 1914 मध्ये क्रांतिकारकांनी तिची पळवलेली माउझर पिस्तुलं जर्मन होती. उपयोगाचं नाव खुद्द कारखान्याचं: ‘पी. वेब्ली अँड सन’ असेल तर माल साधारण 1897 पूर्वीचा, ‘वेब्ली अँड स्कॉट’ असेल तर त्यानंतरचा.

सिलिंडरची मागची बाजू तासलेली दिसली तर ते रिव्हॉल्व्हर बहुधा अमेरिकेच्या बाजारातून फिरून आलेलं आहे. तिथे .45 एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस बसावं म्हणून .455 चे सिलिंडर सर्रास तासले. त्या काडतुसाचा दाब या हत्याराला झेपणारा नाही.

गंज दिसला म्हणून घासून-पॉलिश करून नवं ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) चढवू नका. ठसे पुसले की साल कायमचं गेलं. मी मऊ फडक्याने हलकं तेल लावतो आणि थांबतो.

आणि “एवढं जुनं आहे, परवाना कशाला” हे मला ऐकवू नका. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट जुनाट हत्याराला आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असलं तरच. वेब्ली चालतं. तपासणी परवानाधारकासमोर, सिलिंडर त्याच्याच हातून रिकामा करून घेऊन.