क्लस्टर डेटाबेससाठी शेअर्ड स्टोरेज कसं निवडावं

स्टोरेज खरेदीची बैठक सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत आयओपीएसचे, म्हणजे सेकंदाला किती वाचन-लेखनं होतात त्याचे, आकडे फळ्यावर येतात. एक व्हेंडर पाच लाख म्हणतो, दुसरा आठ लाख. खरेदी विभाग मोठ्या आकड्यासमोर खूण करतो आणि बैठक संपते. हिंजवडीपासून रांजणगावपर्यंत मी अशा कितीतरी बैठकांना बसले आहे. क्लस्टरसाठी, म्हणजे एकच डेटाबेस मिळून चालवणाऱ्या सर्व्हरांसाठी, स्टोरेज घेताना पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: स्टोरेजचा एक कंट्रोलर (डिस्कचा कारभार बघणारा भाग) मेला, तर डेटाबेसचं वाचणं-लिहिणं किती सेकंद थांबतं? या लेखातलं बाकी सगळं या प्रश्नाच्या आजूबाजूचं आहे.

आधी तुमच्या डेटाबेसला शेअर्ड स्टोरेज लागतं का, ते ठरवा. ओरॅकल आरएसी या क्लस्टर डेटाबेसमध्ये सगळे नोड, म्हणजे सर्व्हर, एकाच वेळी त्याच फाइलींवर लिहितात, तिथे पर्याय नाही. एसक्यूएल सर्व्हरचं फेलओव्हर क्लस्टर किंवा पेसमेकर या क्लस्टर सॉफ्टवेअरने शेअर्ड डिस्कवर चालवलेलं पोस्टग्रेस यांत डिस्क सामायिक असते, पण एका वेळी एकच नोड ती वापरतो. गॅलेरा किंवा कॅसांड्रा असेल तर प्रत्येक नोडची डिस्क स्वतंत्र असते. तिथे महागडं सॅन (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

याच टप्प्यावर मिळणारा एक सल्ला ऐकू नका: "लून (स्टोरेजने दिलेली डिस्क) दोन्ही नोडना दाखवा आणि एक्सएफएस करून दोन्हीकडे माउंट करा." एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या दोन्ही फाइल सिस्टिमना दुसऱ्या नोडचं अस्तित्व माहीत नसतं. दोन्ही नोड आपापल्या समजुतीने लिहीत राहतात आणि फाइल सिस्टिम फाटते. आरएसीला एएसएम (ओरॅकलची स्वतःची डिस्क-व्यवस्था) वापरा, क्लस्टर फाइल सिस्टिमच हवी असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२. एका वेळी एकच नोड लिहिणार असेल, तर लटकलेल्या जुन्या नोडला डिस्कपासून तोडणारं फेन्सिंग हवंच. त्यासाठी स्टोरेजला एससीएसआय-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (डिस्कवर कोणता नोड लिहू शकतो ते ठरवणारी सोय) येतं का, हे लेखी घ्या.

सर्व्हर स्टोरेजला फायबर चॅनेलने जोडायचा, आयएससीएसआयने (साध्या नेटवर्कवरून डिस्क) की एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली), यावर फार वाद घालू नका. रात्री दोन वाजता तुमच्या माणसांना जे दुरुस्त करता येतं ते घ्या. आयएससीएसआय असेल तर दोन वेगळे स्विच लावा आणि दोन नेटवर्क पोर्ट एकत्र बांधणाऱ्या बाँडिंगऐवजी मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते, म्हणजे पाथ, सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरा. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० ठेवणार असाल तर तो सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज तिन्हीकडे हवा. तुकडे न करण्याच्या पर्यायासह ८९७२ बाइटचा पिंग गेला, तरच तो खरा. एनएफएस असेल तर माउंट हार्ड, म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट बघणारा. सॉफ्ट माउंटवर डेटाबेस ठेवू नका.

वेग एफआयओ या चाचणी-साधनाने मोजा. ८ केबीचे रँडम वाचन-लेखन तर कराच, पण रीडू लॉगसारखं (डेटाबेस प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवतो ती फाइल) एका थ्रेडचं सिंक लेखनही करा. सरासरी बाजूला ठेवून ९९ व्या पर्सेंटाइलचा आकडा (शंभरातल्या ९९ वेळा ज्याच्या आत काम होतं तो वेळ) बघा. चाचणी तासभर चालू द्या, म्हणजे कॅशे भरल्यानंतरचं खरं रूप दिसेल. रेड ही अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत. रेड ५ वर प्रत्येक लहान लेखनामागे डिस्कवर चार आय/ओ होतात, रेड १० वर दोन. साध्या डिस्क असतील तर रीडू रेड १० वरच ठेवा.

आता अवघड भाग. इथे मी स्वतः फसले होते.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दोन नोडचं आरएसी होतं, खाली आयएससीएसआय. सुरू करण्याआधी मी चाचण्या केल्या. एक केबल ओढली: डेटाबेस साधारण दोन मिनिटं अडकला आणि पुन्हा चालू झाला. केबल परत लावली, मग एका नोडची वीज काढली: दुसरा नोड काम करत राहिला. मी दोन्हींसमोर 'उत्तीर्ण' लिहिलं. तीन महिन्यांनी एका रॅकचा यूपीएस गेला. त्या रॅकमधला नोड आणि स्विच एकाच क्षणी बंद पडले. उरलेल्या नोडला दुसऱ्या स्विचमधून रस्ता होता, तरी तो रीबूट झाला. डिस्पॅच थांबला, गेटवर ट्रकची रांग लागली आणि मला फोन आला.

कारण टाइमआउटच्या हिशेबात होतं. आरएसीचे नोड सांभाळणारं ओरॅकल क्लस्टरवेअर नेहमीच्या स्थितीत व्होटिंग डिस्कची (कोणते नोड क्लस्टरमध्ये आहेत हे जिथे नोंदवलं जातं) २०० सेकंद वाट बघतं. म्हणून केबलच्या चाचणीत दोन मिनिटं निभावली. पण एखादा नोड क्लस्टरमधून जात किंवा येत असतो, तेव्हा ही मुदत आखडते. नेटवर्क हार्टबीटचे (नोड एकमेकांना पाठवतात तो 'जिवंत आहे' संदेश) ३० सेकंद, त्यातून रीबूटसाठी राखलेले ३ वजा, म्हणजे लिनक्सवर २७ सेकंद. आणि लिनक्सच्या आयएससीएसआयमध्ये तुटलेलं सेशन परत येण्याची वाट बघण्याची मूळ मुदत १२० सेकंद आहे. तोवर त्या पाथवर अडकलेले आय/ओ मल्टिपाथकडे परतच येत नाहीत. दुसरा रस्ता मोकळा होता, पण त्याच्याकडे वळायच्या आतच २७ सेकंद संपले. केबल ओढल्यावरची ती दोन मिनिटं मला हेच सांगत होती. डेटाबेस परत आला एवढ्यावर मी समाधान मानलं. तुम्ही मानू नका.

हिशेब असा मांडा. मल्टिपाथ असेल तर ती १२० सेकंदांची रिप्लेसमेंट टाइमआउट ५ वर आणा. सेशन जिवंत आहे का, हे दर ५ सेकंदांनी विचारलं जातं आणि उत्तराची आणखी ५ सेकंद वाट बघितली जाते. एकूण १५ सेकंद. २७ मधून उरले १२. त्यात स्टोरेजच्या कंट्रोलरने आपलं काम दुसऱ्याकडे सोपवलं पाहिजे. म्हणून मी व्हेंडरला दहा सेकंदांची अट घालते. "ते मॉडेलवर अवलंबून असतं" असं उत्तर आलं की मी तो व्हेंडर यादीतून काढते. फायबर चॅनेलवर लिंक तुटल्याचं लगेच कळतं, पण लिंक चालू आणि कंट्रोलर मुका असेल, तर लिनक्समधली एससीएसआय कमांड मुळात ३० सेकंद थांबते. तेही २७ च्या पुढेच आहे.

मल्टिपाथमध्ये 'सगळे पाथ गेले तरी कायम रांगेत ठेवा' ही सेटिंग बऱ्याच व्हेंडरांच्या नमुना फाइलीत असते. क्लस्टरवर ती ठेवू नका. नोड धड मरत नाही आणि धड चालत नाही, प्रोसेस डिस्कवर अडकून बसतात आणि शेवटी हाताने वीज काढावी लागते. मोजक्या फेऱ्यांनंतर चूक परत येऊ द्या, फक्त त्या फेऱ्या कंट्रोलर बदलायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त ठेवा.

डेमोच्या वेळी लोड चालू ठेवून एक कंट्रोलर रॅकमधून बाहेर ओढा, वेब स्क्रीनवरच्या बटणाने बंद करू नका. बटण दाबलं की तो शहाण्यासारखा काम सोपवून जातो. खऱ्या बिघाडात तसं होत नाही. मग एक नोड आणि एक स्विच एकाच वेळी बंद करा. फर्मवेअर अपग्रेडही डेमोमध्येच करून घ्या, कारण त्यात दोन्ही कंट्रोलर पाळीपाळीने रीबूट होतात. प्रत्येक वेळी आय/ओ किती सेकंद थांबला ते घड्याळ लावून लिहून ठेवा.

व्होटिंग डिस्क तीन ठेवा, निम्म्याहून जास्त दिसल्या नाहीत तर नोड बाहेर पडतो. दोन स्टोरेज असतील तर तिसरी व्होटिंग फाइल तिसऱ्या जागी, साध्या एनएफएसवर चालते. थिन प्रोव्हिजनिंग (प्रत्यक्ष डिस्कपेक्षा जास्त जागा वाटून ठेवणं) केलंत तर पूल ७० टक्के भरल्यावर मेसेज यायलाच हवा.

खरेदीच्या ऑर्डरमध्ये दोन ओळी घाला: लोडखाली कंट्रोलर बदलताना आय/ओ दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबणार नाही, आणि ही चाचणी आमच्या जागेवर पार पडल्यावरच पैसे. चाचणीसाठी गुरुवार मागून घ्या. भोसरी-चाकणकडे बहुतेक कारखान्यांची सुट्टी त्याच दिवशी असते, महावितरणची देखभालही बहुधा तेव्हाच. दुपारी वीज गेली तर यूपीएसचीही परीक्षा होऊन जाईल.