अपग्रेडनंतर कराओकेची गाणी ‘हरवली’? या चुका टाळा

सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि सगळी गाणी गेली, असं घाबऱ्या आवाजात सांगणारे फोन मला अजून येतात. गाणी गेलेली नसतात. बहुतेक कराओके सॉफ्टवेअर गाणी स्वतःकडे ठेवतच नाहीत. त्यांच्या डेटाबेसमध्ये फक्त पत्ता असतो: कोणता ड्राइव्ह, कोणतं फोल्डर, काय नाव. पत्ता चुकला की यादीत गाणं सापडत नाही.

अशा वेळी घाईतला माणूस ‘न सापडलेल्या नोंदी काढा’ अशा अर्थाचं बटण दाबतो. मीही दाबलं होतं. कार्यक्रम संध्याकाळी सातचा आणि मी दुपारी तीनला अपग्रेड करत होतो. गाण्यांची हार्ड डिस्क काढून परत लावली, तर विंडोजने तिला ‘ई’ऐवजी ‘एफ’ अक्षर दिलं. यादीतलं एकही गाणं उघडेना. मी नोंदी काढल्या, फोल्डर पुन्हा स्कॅन केलं, गाणी दिसू लागली आणि मी निर्धास्त झालो. पण कोणत्या गायकासाठी पट्टी किती खाली, टेंपो किती, हे गाण्याच्या फाइलमध्ये नव्हतंच. ते त्या काढून टाकलेल्या नोंदींमध्ये होतं.

रात्री नेहमीचे एक आजोबा गायला उठले. त्यांचं गाणं मी कायम चार अर्धस्वर खाली ठेवायचो. ते मूळ पट्टीत सुरू झालं. मुखडा त्यांनी कसाबसा निभावला, अंतऱ्याला आवाज फाटला आणि ते माइक ठेवून जागेवर जाऊन बसले. आपला गळा गेला, असं त्यांना वाटलं. चूक माझी आहे हे मी जाऊन सांगितलं, पण त्या रात्री ते पुन्हा उठले नाहीत.

उपाय पाच मिनिटांचा होता. सॉफ्टवेअर बंद करायचं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला जुनं अक्षर द्यायचं आणि सॉफ्टवेअर परत उघडायचं. आता मी गाण्यांच्या ड्राइव्हला प्रत्येक मशीनवर ‘के’ हेच अक्षर देतो. अपग्रेडआधी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून डेटाबेसची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो. आणि कार्यक्रमाच्या दिवशी कशालाही हात लावत नाही.

दुसरी चूक हौसेपोटी होते. नवं व्हर्जन आलं, आता संग्रहही नीटनेटका करू म्हणून लोक नावं बदलणारं एखादं टूल चालवतात. कराओकेचं गाणं म्हणजे बहुधा दोन फाइलींची जोडी: एमपी३मध्ये आवाज, सीडीजीमध्ये पडद्यावरचे शब्द. टूल एमपी३चं नाव बदलतं, सीडीजीचं तसंच राहतं आणि जोडी फुटते. दोन्ही फाइलींचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं, नाहीतर आवाज येतो आणि पडदा कोरा राहतो. त्याहून वाईट म्हणजे एमपी३च्या सुरुवातीची शांतता कापणं. सीडीजीमध्ये वेळेची नोंद नसते; सेकंदाला ३०० पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), प्रत्येकी २४ बाइट, या मोजणीवरच शब्द पुढे सरकतात. सुरुवातीचा अर्धा सेकंद कापलात तर गाणंभर शब्द अर्धा सेकंद मागे राहणार, आणि गायकाला वाटणार की तोच चुकतोय. याच मोजणीचा एक उपयोगही आहे: चार मिनिटांच्या गाण्याची सीडीजी साधारण १७ लाख बाइटची असते. ती काहीशे केबीचीच दिसली, तर कॉपी अर्धवट झाली आहे. मूळ प्रतीतून पुन्हा घ्या.

यादीत गायकाच्या जागी गाण्याचं नाव आलं, तर आयात करताना सॉफ्टवेअर फाइलच्या नावातून गायक आणि गाणं ज्या क्रमाने वाचतं, तो क्रम सेटिंगमध्ये बदला. त्यासाठी हजारो फाइलींची नावं बदलत बसू नका.

झिपमध्ये एकाच गाण्याची जोडी ठेवा. अख्खा अल्बम एका झिपमध्ये कोंबू नका.

क्लाउड फोल्डरमधली गाणी आधी मशीनवर पूर्ण उतरवून घ्या.

नव्या व्हर्जनमध्येही अक्षरं धूसर दिसतात, ही तक्रार सोडून द्या. सीडीजी म्हणजे ३०० बाय २१६ ठिपक्यांचं, १६ रंगांचं चित्र. कोणतंही अपग्रेड त्यात नसलेला तपशील आणू शकत नाही. ‘कार’ (.kar, म्हणजे मिडी कराओकेच्या) फाइलींमध्ये मात्र शब्द खरोखर मजकूर म्हणून असतात. तिथे अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर फाइल पुसू नका. सेटिंगमध्ये फॉन्ट आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) बदलून पाहा.

आणि जुनं व्हर्जन लगेच काढून टाकू नका. नवं व्हर्जन अनेकदा डेटाबेसचं रूप बदलतं, ते जुन्याला बहुधा उघडता येत नाही. मी जुनं व्हर्जन आणि जुन्या डेटाबेसची प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवतो आणि नव्यावर चार कार्यक्रम सुरळीत झाल्याशिवाय तिला हात लावत नाही.