जुन्या पद्मिनीचा सायलेन्सर बनवून घेताय? या चुका टाळा

बाबांची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्याकडे आहे आणि चालू आहे. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर तिचे पार्ट कुठे ना कुठे मिळायचेच, पण त्या टॅक्सी कमी कमी होत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पण रस्त्यावरून गेली, आणि आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने काही हाती लागलं तर लागलं. म्हणजे सायलेन्सर गेला की बहुतेक वेळा बनवूनच घ्यावा लागतो.

सगळ्यात मोठी चूक आमच्याकडूनच झाली. जुना सायलेन्सर सडून दोन तुकडे झालेला, गॅरेजवाल्याने तो काढला आणि त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला, आम्हीही काही बोललो नाही. मग नवीन पाईप अंदाजाने वाकवला गेला. अहो, पार्ट बंद झालाय म्हणजे तो सडका तुकडा हेच तुमचं ड्रॉइंग आहे! गाडीखालून काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खडूने खुणा करा, पाईपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि तुकडे जमिनीवर जसेच्या तसे जुळवून लांबी घ्या.

दुसरी चूक त्याच दिवशीची. गाडी बॉडीला जॅक लावून उचललेली, मागची चाकं लोंबकळत होती आणि तशातच पाईप फिट केला. चाकं लटकली की ॲक्सल खाली जातो, त्यामुळे वर भरपूर जागा दिसते. गाडी खाली आली, मागे तीन माणसं बसली आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ठाणकन आवाज, जीव नुसता वर-खाली. शेवटचं टॅकिंग, म्हणजे पाईप जागेवर धरायला मारलेले वेल्डिंगचे छोटे टाके, गाडीचं वजन चाकांवर असतानाच करा, त्यासाठी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घ्या, मागे माणसं बसवा आणि पाईप कुठे घासत नाही ना ते बघूनच पूर्ण वेल्डिंग मारायला सांगा.

बऱ्याच जणांचा तर सायलेन्सर गेलेलाच नसतो. गाडी थंड असताना टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाली की कमी होतो, असं असेल तर आधी मेनिफोल्डचं (इंजिनमधला धूर गोळा करून पाईपात सोडणारा भाग) पॅकिंग आणि मेनिफोल्डला क्रॅक आहे का ते बघा, गळतीच्या जागी काळी काजळी दिसते. तिथे सिलिकॉन किंवा एम-सील भरून उपयोग नाही, त्या उष्णतेला ते टिकतच नाही. मेनिफोल्डचा फेस, म्हणजे इंजिनला टेकणारी सपाट बाजू, वाकला असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून सपाट करून घ्या. जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करून काढा. आणि मेनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या स्टडवर (एका टोकाला नट लागणारा बोल्ट) जोर लावायचाच नाही, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी नट आधी जरासा आवळा मग सोडवा, कारण स्टड इंजिनच्या हेडमध्ये तुटला की एका तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

सायलेन्सर गाडीखाली टांगणाऱ्या हँगरचे रबर मिळत नाहीत म्हणून पट्टी थेट चासीला वेल्ड करणारे खूप बघितलेत. इंजिन रबर माउंटिंगवर हलतं, पाईप मात्र घट्ट बांधलेला, मग सगळा ताण जातो मेनिफोल्डच्या जोडावर आणि तो काही महिन्यांत फुटतो. दुसऱ्या गाडीचे रबर चालतात, नाहीतर जाड कॅनव्हासवाल्या रबराची पट्टी कापून लावा, पण लवचीकपणा राहिलाच पाहिजे.

पाईप वाकवताना तो चेपू नये म्हणून आत वाळू भरतात ती पूर्ण कोरडी हवी. ओली असेल आणि दोन्ही टोकं बंद करून गरम केली तर आत वाफ होऊन पाईप फुटू शकतो. प्लंबिंगचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो, त्या माणसाला ताप येतो. आणि वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

आता गंज. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं, पण गाडी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेली तर सायलेन्सरमध्येच साचतं आणि तो आतून सडतो. म्हणून सर्वात खालच्या जागी बारीक ड्रेन होल असेल तर ते भोक समजून बुजवू नका. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास नीट पळवा.

फ्लोअरच्या पत्र्याला गंजून भोकं पडलेली असतील तर ती आधी बंद करा, मग सायलेन्सर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, काचा बंद करून प्रवासात डोकं दुखलं की आपण ऊन लागलं समजतो. मागे लहान मुलं बसत असतील तर याबाबतीत अजिबात चालढकल करू नका.

फिट झाल्यावर थंड इंजिन चालू करा, जाड कापड टेलपाईपवर क्षणभर धरा आणि फुस्स आवाज कुठून येतो ते ऐका. मेनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या दिशेने आवळायचे, गाडी दोन-तीनदा गरम-थंड झाली की थंड असताना परत चेक करायचे. आमच्या दुसऱ्या सायलेन्सरची सगळी मापं आता आरसी बुकाच्या फोल्डरमध्ये आहेत.